या पेटीतली तार कधी तुटत नाही

पीएलसी (मशीन कोणत्या क्रमाने चालवायची ते सांभाळणारा छोटा औद्योगिक संगणक) शिकवायचा संच खोक्यातून काढला, पुस्तिकेतला पहिला धडा जसाच्या तसा केला आणि छोटा कन्व्हेयर फिरायला लागल्यावर स्टॉप बटणाची वायर उपटली. नवीन वस्तू आली की मी आधी ती बिघडवून बघते, ही माझी जुनी खोड. वायर एका हातात, दुसऱ्या हाताने स्टॉप दाबतेय आणि पट्टा आपला मजेत फिरतोय. शेवटी मेन स्विच बंद केला.

त्याला आता सहा महिने झाले. या काळात माझ्या हाताखालच्या तिघांनी या पेटीवर हात साफ केला. दोघं ॲप्रेंटिस आणि एक डिप्लोमा झालेली मुलगी. कंपनीचं नाव मी देत नाही, कारण याच पठडीतले आणखी दोन संच मी उघडून पाहिलेत आणि तिन्हींत चुका सारख्याच आहेत. तुम्ही कुठलाही संच घ्यायला निघाला असाल तर हे वाचून मग घ्या.

आधी माझ्याबद्दल थोडं, म्हणजे मी कुठून बोलतेय ते कळेल. मेंटेनन्सला लागून मला सतरा वर्षं झाली. पहिली चार वर्षं रिले पॅनेलवर गेली. रिले म्हणजे कॉइलला वीज दिली की ओढला जाणारा स्विच. कपाटाएवढं पॅनेल, आत शंभरावर रिले, आणि मशीनच्या क्रमात एवढासा बदल करायचा तर दोन दिवस वायरी सोडा, नव्या ओढा, फेरूल घाला. ड्रॉइंग आणि पॅनेल यांचा मेळ बसला तर नशीब. पीएलसी जन्माला आला तो याच त्रासातून. १९६८ साली जनरल मोटर्सच्या हायड्रामॅटिक विभागाने मागणी केली, की रिलेच्या जागी असं काहीतरी द्या ज्यात क्रम बदलायला वायरिंग बदलावं लागणार नाही. डिक मॉर्ली यांच्या बेडफर्ड असोसिएट्सने जे यंत्र बनवलं त्याचं नाव मॉडिकॉन ०८४. हा त्यांचा चौऱ्याऐंशीवा प्रकल्प, म्हणून ०८४. पुस्तिकेत हा इतिहास फोटोसकट तीन पानं आहे, पण त्यातली खरी मेख लिहायची राहून गेली: लॅडर भाषा (शिडीसारख्या आकृतीतून पीएलसीचा प्रोग्रॅम लिहायची पद्धत) रिलेच्या ड्रॉइंगसारखी दिसते ती इलेक्ट्रिशियनला नवीन काही शिकावं लागू नये म्हणून. मला ती पहिल्या दिवशी वाचता आली याचं श्रेय माझ्या हुशारीला अजिबात नाही.

पेटीत येतं काय? आठ डिजिटल (नुसते चालू-बंद ओळखणारे) इनपुट, सहा रिले आउटपुट आणि दोन ॲनालॉग (कमी-जास्त होणारा सिग्नल मोजणारे) इनपुट असलेला एक कॉम्पॅक्ट पीएलसी. २४ व्होल्टचा एसएमपीएस, म्हणजे पॉवर सप्लाय. वर आठ बटणं आणि स्विच, सहा दिवे, एक पोटेन्शिओमीटर, लाल मशरूम बटण. सोबत हातभर लांबीचा कन्व्हेयर, त्यावर एक प्रॉक्सिमिटी सेन्सर (जवळ आलेला धातू ओळखणारा) आणि एक फोटो सेन्सर (प्रकाशाची किरण अडली की कळवणारा), एक छोटा सोलेनॉइड (वीज दिली की दांडा ओढणारी कॉइल), आणि वेगळ्या मोटरवर दहा खाचांची चकती. सगळं बनाना सॉकेटवर, म्हणजे स्क्रू ड्रायव्हर हातात न घेता जोडता येतं. बनावट चांगली आहे. तिघांनी आपटून-धोपटूनही एक सॉकेट ढिला झालेला नाही.

आता त्या स्टॉप बटणाकडे वळते, कारण माझा मुख्य राग तिथेच आहे. या पेटीतलं स्टॉप बटण एनओ आहे, म्हणजे नॉर्मली ओपन, एरवी उघडं. दाबलं की इनपुट एक होतो, न दाबता शून्य. पुस्तिकेतल्या लॅडरमध्ये त्याच्यासाठी एनसी (नॉर्मली क्लोज्ड, एरवी जोडलेला) कॉन्टॅक्ट काढलाय. दिसायला अगदी बरोबर, कारण रिलेच्या ड्रॉइंगमध्येही स्टॉप एनसीच असतो. पण मशीनकडून पॅनेलकडे येणारी वायर तुटली तर इनपुट कायमचा शून्य, आणि पीएलसीच्या मते स्टॉप कोणी दाबलेलंच नाही. खऱ्या मशीनवर स्टॉप बटण एनसीच लावतात. सगळं ठीक असताना २४ व्होल्ट इनपुटवर पोचत राहतात. बटण दाबा, वायर तोडा, स्क्रू ढिला होऊ द्या, काहीही झालं तरी इनपुट पडतो आणि मशीन थांबते.

गंमत पुढे आहे. बटण एनसी लावलं की लॅडरमध्ये मात्र त्याच्यासाठी एनओ कॉन्टॅक्ट काढावा लागतो, कारण लॅडरमधलं चिन्ह बटण कसं आहे ते सांगत नाही, इनपुटचा बिट एक आहे की नाही एवढंच विचारतं. नवीन माणूस इथे हमखास अडखळतो. डिप्लोमावाली मुलगी माझ्याशी अर्धा तास भांडली. "मॅडम, बाहेर एनसी आहे तर आत पण एनसीच पाहिजे ना?" मी म्हटलं, काढ तसं आणि चालवून बघ. चाललंच नाही. मग तिने ऑनलाइन मॉनिटर (पीएलसीत आत्ता काय चाललंय ते लॅपटॉपवर दाखवणारी सोय) लावला, इनपुटचा दिवा पेटलेला पाहिला, आणि गप्प बसून दोन मिनिटांनी चिन्ह बदललं. पीएलसी शिकण्यातली ही सगळ्यात मोलाची दोन मिनिटं, आणि संच बनवणाऱ्याने ती वाचवण्यासाठी बटणच चुकीचं बसवलंय. मी पेटीचा मागचा पत्रा उघडून कॉन्टॅक्ट ब्लॉक बदलला. दहा मिनिटांचं काम, वॉरंटीचं स्टिकर फाटलं ते फाटलं.

सॉफ्टवेअर मात्र आवडलं. लॅपटॉपवर चढायला वेळ घेतं, पण एकदा चढलं की कटकट नाही. ऑनलाइन गेलं की ज्या वाटेने लॉजिक पूर्ण होतं ती हिरवी दिसते, टाइमर चालताना त्याचा आकडा पळताना दिसतो. स्कॅन म्हणजे काय हे फळ्यावर शिकवून कधीच कळत नाही. इथे एका ॲप्रेंटिसला ते स्वतःच्या चुकीतून कळलं. त्याने एकाच दिव्याची कॉइल, म्हणजे लॅडरमधलं आउटपुटचं चिन्ह, दोन ठिकाणी टाकली होती. लॅडरच्या पायरीला आम्ही कामावर रंग म्हणतो, मराठीत लिहिताना भलताच घोटाळा होतो, म्हणून इथे पायरीच म्हणते. तर तिसऱ्या पायरीवर मॅन्युअल स्विचने दिवा, नवव्या पायरीवर ऑटोमध्ये तोच दिवा. मॅन्युअल टाकलं तर तिसऱ्या पायरीचे कॉन्टॅक्ट हिरवेगार आणि दिवा मात्र बंद. पोराने दिवा बदलला, वायर बदलली, आउटपुट बिघडलंय असं मला सांगून मोकळा झाला.

झालं होतं असं. पीएलसी आधी सगळे इनपुट एका दमात वाचून मेमरीत ठेवतो. मग लॅडर वरून खाली सोडवतो. आणि सगळं सोडवून झाल्यावर आउटपुट एकदम बाहेर पाठवतो. असा एक फेरा म्हणजे एक स्कॅन. तिसऱ्या पायरीने दिव्याचा बिट एक केला, नवव्या पायरीने तोच शून्य केला, बाहेर गेला तो शून्य. खालच्या पायरीचा शब्द शेवटचा. रिलेच्या माणसाला हे पटायला जड जातं, कारण रिले पॅनेलमध्ये सगळं एकाच वेळी घडतं, तिथे वर-खाली असं काही नसतं. उपाय सोपा: दोन वेगळे मेमरी बिट घ्या आणि एकाच पायरीवर दोघांना समांतर जोडून कॉइल एकदाच टाका. सॉफ्टवेअर दुहेरी कॉइलची सूचना देतं, पण खाली कोपऱ्यात, पिवळ्या बारीक अक्षरात. ती लाल असायला हवी होती.

खाचांच्या चकतीचा धडा हा या संचातला माझा सगळ्यात आवडता, आणि पुस्तिकेने त्याचंही मातेरं केलंय. चकती फिरते, प्रॉक्सिमिटी सेन्सर खाचा मोजतो, काउंटर वाढतो. हळू फिरवली तर मोजणी चोख. वेग वाढवत नेला की आकडा चुकायला लागतो आणि मग चक्क थांबतो, चकती जोरात फिरतेय आणि काउंटर जागचा हलत नाही. पुस्तिका म्हणते, स्कॅन टाइममुळे. मी ऑनलाइन पाहिलं तर स्कॅन टाइम दोन मिलीसेकंद. चकती मिनिटाला ६०० फेरे धरा, दहा खाचा, म्हणजे सेकंदाला शंभर पल्स; एक पल्स दहा मिलीसेकंदांची, त्यात पाच चालू, पाच बंद. दोन मिलीसेकंदांच्या स्कॅनला पाच मिलीसेकंद दिसायला काहीच हरकत नव्हती.

खरा आरोपी निघाला इनपुट फिल्टर. बटणांचे कॉन्टॅक्ट दाबताना थरथरतात, वायरीत नॉइज येतो, म्हणून प्रत्येक इनपुटला एक फिल्टर असतो. सिग्नल ठरावीक वेळ स्थिर राहिल्याशिवाय पीएलसी तो मानतच नाही. इथे तो दहा मिलीसेकंदांवर सेट होता. पाच मिलीसेकंदांचा सिग्नल त्याच्यासाठी नसल्यासारखाच. सेटिंगमध्ये जाऊन एक मिलीसेकंद केला आणि सहाशे फेऱ्यांना मोजणी बरोबर आली. त्याच्यापुढचा वेग हवा असेल तर पहिल्या दोन इनपुटना हायस्पीड काउंटर आहे, तो स्कॅनची वाट न बघता हार्डवेअरमध्येच मोजतो. तीही सोय पुस्तिकेत एका ओळीत उरकलीय. एवढा सुंदर प्रयोग हाताशी असून चुकीचं कारण छापायचं, याला काय म्हणावं.

आउटपुट सगळे रिलेचे. शिकायला ते बरे, कारण टक् आवाज येतो आणि आउटपुट लागला हे कानाला कळतं. पण पाचवा धडा आहे दिवा अर्धा सेकंद चालू, अर्धा सेकंद बंद. रिले दर सेकंदाला एकदा ओढतो. एका ॲप्रेंटिसने शुक्रवारी संध्याकाळी हा प्रोग्रॅम चालू ठेवून पेटी कपाटात टाकली, सोमवारी सकाळी कपाटातून टक्-टक् ऐकू येत होतं. दिवसाला ८६,४०० वेळा. छोट्या रिलेचं पूर्ण लोडवरचं आयुष्य साधारण लाखाच्या घरात धरतात. दिव्याचा लोड किरकोळ, म्हणून तो वाचला. लुकलुकणारा दिवा, झटपट चालू-बंद होणारा व्हॉल्व्ह, असल्या कामाला ट्रान्झिस्टर आउटपुट घ्यायचा असतो, त्यात झिजणारा कॉन्टॅक्टच नसतो. सहापैकी दोन ट्रान्झिस्टरचे दिले असते तर हा फरक शिकवता आला असता. सोलेनॉइडवर उलटा डायोडही नाही. डीसी कॉइल सोडताना जो झटका मारते तो थेट रिलेच्या कॉन्टॅक्टवर ठिणगी होऊन बसतो. मी एक १एन४००७ डायोड कॉइलच्या दोन टोकांमध्ये टाकला, पट्टी प्लसकडे.

सेन्सर फक्त पीएनपी, म्हणजे इनपुटला प्लस देणारे; एनपीएन त्याच्या उलट, इनपुटला शून्य व्होल्टकडे ओढतो. एनपीएन लावून बघावं म्हटलं तर इनपुटचा कॉमन (सगळ्या इनपुटची सामाईक तार) आतून शून्य व्होल्टला कायमचा सोल्डर केलाय. कामावर दोन्ही प्रकार येतात आणि चुकीचा सेन्सर बदलून बसवला की सेन्सरचा दिवा लागतो पण इनपुटचा लागत नाही, मग रात्रपाळीत तासभर डोकं खाजवणं. हा धडा पेटीबाहेरच द्यावा लागला.

ॲनालॉगकडे या. पोटेन्शिओमीटर फिरवला की ० ते १० व्होल्ट, प्रोग्रॅममध्ये ० ते १००० आकडा. धडा असा: पोटेन्शिओमीटर म्हणजे टाकीची पातळी, २०० च्या खाली गेली की पंप चालू, ८०० च्या वर गेली की बंद. मधली सहाशेची दरी का ठेवलीय, ती नसती तर पंप सीमेवर चालू-बंद कसा नाचला असता, हे पुस्तिकेने छान समजावलंय, तेवढं कौतुक केलं पाहिजे. मग मी माझी खोड केली. पंप बंद असताना ॲनालॉगची वायर काढली. आकडा धाडकन खाली, पीएलसीला वाटलं टाकी रिकामी, पंपाचा दिवा पेटला आणि पेटलेलाच राहिला. खऱ्या टाकीवर पाणी वरून वाहत असतं.

म्हणून तर कारखान्यात ४ ते २० मिलिॲम्पिअर वापरतात. रिकाम्या टाकीलाही चार मिलिॲम्पिअर येत राहतात, आणि शून्य आला म्हणजे टाकी रिकामी नाही, तार तुटलीय. ही चार मिलिॲम्पिअरची युक्ती आणि एनसी स्टॉप बटण एकाच विचाराची भावंडं आहेत, आणि या पेटीत दोघंही गैरहजर. इनपुट फक्त व्होल्टेजचा आहे, पण जुगाड होतो: इनपुटवर ५०० ओहमचा चांगला रेझिस्टर टाका, चार मिलिॲम्पिअरला दोन व्होल्ट, वीसला दहा व्होल्ट. आकडा २०० ते १००० येतो. आमच्याकडे लूप कॅलिब्रेटर (हवा तेवढा मिलिॲम्पिअर सिग्नल देणारं यंत्र) होता, त्याने सिग्नल दिला आणि १८० च्या खाली गेलं की पंप बंद आणि अलार्म, एवढी एक पायरी वाढवली. १८० म्हणजे ३.६ मिलिॲम्पिअर, चांगला ट्रान्समीटर (पातळी मोजून सिग्नल पाठवणारा) रिकाम्या टाकीला त्याच्या खाली जात नाही.

मशरूम बटणाबद्दल थोडक्यात आणि रागाने. ते नुसतं एका इनपुटला जोडलंय. इमर्जन्सी स्टॉप प्रोग्रॅमच्या भरवशावर सोडायचा नसतो. रिलेचा कॉन्टॅक्ट चिकटला किंवा कोणी आउटपुट फोर्स करून, म्हणजे सॉफ्टवेअरमधून जबरदस्तीने चालू करून, विसरलं तर प्रोग्रॅम कितीही शुद्ध असो, मोटर थांबत नाही. खऱ्या मशीनवर त्यासाठी सेफ्टी रिले असतो, तो आउटपुटची पॉवरच तोडतो, आणि पीएलसीला फक्त कळवलं जातं. पोरं हेच पेटीवर बघून शिकतात आणि उद्या पॅनेलमध्ये तसंच करतात. मी मशरूमला दुसरा एनसी ब्लॉक लावून सगळ्या आउटपुटचा कॉमन त्यातून फिरवला. तो सेफ्टी रिले नव्हे, पण निदान वायर बघून मुलांना विचार करायची सवय लागते.

एक गोष्ट पेटीने आम्हा सगळ्यांना शिकवली, आणि ती पुस्तिकेत नव्हती. मुलीने होल्डिंगऐवजी (स्टार्ट सोडल्यावरही मोटर चालू ठेवणारी नेहमीची जोडणी) सेट-रिसेट कॉइल वापरून कन्व्हेयर चालवला होता. ती एकदा सेट झाली की रिसेट करेपर्यंत चालूच राहते, आणि तो बिट रिटेन्टिव्ह, म्हणजे वीज गेली तरी लक्षात ठेवणाऱ्या, विभागात पडला होता. लाइट गेली, पट्टा थांबला. लाइट आली आणि कोणी स्टार्टला हात न लावता पट्टा आपोआप सुरू. कॉन्टॅक्टरच्या (मोटरला वीज देणाऱ्या मोठ्या रिलेच्या) होल्डिंगमध्ये हे होत नाही, वीज गेली की कॉइल सुटते आणि परत स्टार्ट दाबावंच लागतं. पट्ट्यावर तेव्हा एक नट होता. बोट असतं तर, असं ती स्वतःच म्हणाली.

भाषा तीन मिळतात: लॅडर, फंक्शन ब्लॉक आणि स्ट्रक्चर्ड टेक्स्ट. आयईसी ६११३१-३ हे पीएलसीच्या भाषांचं आंतरराष्ट्रीय मानक १९९३ पासून आहे, म्हणून इथे शिकलेलं दुसरीकडे उपयोगी पडतं, पण प्रोग्रॅमची फाइल उचलून दुसऱ्या कंपनीच्या पीएलसीत टाकता येईल अशा भ्रमात राहू नका. पत्तेसुद्धा वेगळे. सीमेन्समध्ये इनपुट आय०.० ते आय०.७, मित्सुबिशीच्या एफएक्समध्ये एक्स७ नंतर थेट एक्स१०, कारण तिथे मोजणी आठाच्या हिशोबात. आणि या संचाच्या पीएलसीतून प्रोग्रॅम परत लॅपटॉपवर घेतला तर नावं आणि कॉमेंट येत नाहीत, नुसते पत्ते येतात. मूळ फाइलची प्रत दोन ठिकाणी ठेवा.

घ्यावा का? प्रोग्रॅम शिकायला घ्या, सॉफ्टवेअर आणि चकती दोन्हींसाठी घ्या. त्याबरोबर एक एनसी ब्लॉक, एक डायोड, ५०० ओहमचा रेझिस्टर आणि मागचा पत्रा उघडायची तयारी ठेवा. पुस्तिका बाजूला ठेवली तरी चालेल. जिथे शिकवणारं कोणी नाही, फक्त पेटी आणि पुस्तिका आहे, तिथे मात्र मी हा संच सुचवणार नाही.

आमच्याकडे आता नियम आहे: धडा पूर्ण झाला म्हणायचा तर माझ्यासमोर चालवायचा, आणि चालू असताना मी कुठलीही एक वायर काढणार. गेल्या आठवड्यात टक्-टक् वाल्या पोराने माझी वाट न बघता स्वतःच काढून पाहिल्या. फोटो सेन्सरची काढली तर कन्व्हेयर थांबला, कारण त्याची किरण वाट मोकळी असताना इनपुट एक असतो. प्रॉक्सिमिटीची काढली तर नट पुढे निघून जाऊन खाली पडला. "मॅडम, हा तर नसतानाच शून्य असतो. याला एनसी कसा करू?" मी काही बोलले नाही. सध्या तो एक टाइमर लावतोय: फोटो सेन्सरपुढून नट गेला आणि पाच सेकंदांत प्रॉक्सिमिटीपाशी दिसला नाही, तर पट्टा बंद. पाच सेकंद कमी पडताहेत, कारण पट्ट्याचा वेग नॉबने बदलतो, आणि त्यावर त्याचं अजून काही ठरलेलं नाही.